जठरातील गाठी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया : एका प्रशासकाचे निवेदन

(देणगीदार व हितचिंतक यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात प्रशासनाच्या वतीने जमाखर्चाचे निवेदन होते आणि ते ऐकताना मागच्या रांगांतील मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, याची आम्हांस कल्पना आहे. यंदा विश्वस्त मंडळाने वेगळी आज्ञा केली. जठरातील गाठींवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करण्याची सोय आपल्या रुग्णालयात सुरू झाली आणि त्यासाठीची यंत्रसामग्री आपल्या देणग्यांतून आली. तेव्हा ही सोय म्हणजे नेमके काय, ती कोणाला उपयोगी, कोणाला नाही, आणि तिचा खर्च कोण सोसतो, हे देणगीदारांना कळेल अशा शब्दांत सांगावे, अशी ती आज्ञा. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकाचे आमचे ज्ञान हे सर्जन मंडळींची मागणीपत्रे तपासताना आणि त्यांच्याशी वाद घालताना मिळालेले आहे. हे भाषण आमच्या शल्यचिकित्सा विभागाने आधी तपासून दिले आहे; भाषा मात्र आमची आहे.

जठरावरील शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. जठराचा रोगग्रस्त भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडण्याचे धाडस पॅरिसमध्ये १८७९ साली पेआं यांनी आणि १८८० साली रिडिगिअर यांनी केले होते. दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी एका ४३ वर्षांच्या स्त्रीवर ही शस्त्रक्रिया केली आणि ती स्त्री त्यातून उठून बसली. पुढे सुमारे चार महिन्यांनी कर्करोगानेच तिचे निधन झाले. परंतु जठर कापून जोडता येते, हे सिद्ध झाले. आजही आमच्या शस्त्रक्रिया-नोंदवहीत 'बिलरोथ' हे नाव येते, कारण जोडणीच्या पद्धती त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे पोट उघडण्यास पर्याय नव्हता. छातीच्या हाडाच्या टोकापासून बेंबीपर्यंत, कधी त्याखालीही, वीतभर छेद घ्यावयाचा, हात आत घालावयाचा आणि काम करावयाचे. दुर्बिणीचा मार्ग पित्ताशयाच्या खड्यांपासून खुला झाला. या बाबतीत आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक नाव आहे, ते डॉ. तेहेमटन उडवाडिया यांचे. १९७२ पासून त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पोटाची तपासणी करण्यास प्रारंभ केला आणि मे १९९० मध्ये त्याच रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. विकसनशील देशांतील अशा प्रकारची ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. ती एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात न होता सरकारी रुग्णालयाच्या सर्वसाधारण रुग्णांसाठी झाली, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. जठराच्या कर्करोगासाठी दुर्बिणीचा उपयोग त्यानंतर लगेचच, १९९१ साली, जपानमध्ये डॉ. किटानो यांनी प्रथम केला.

आता 'गाठ' या शब्दाविषयी थोडे. ओ.पी.डी.मध्ये नातेवाईक 'पोटात गाठ आहे' एवढेच सांगतात. पण जठरातील सर्व गाठी एका जातीच्या नसतात. बहुतेक कर्करोग जठराच्या आतील अस्तरातून उगवतात आणि भिंतीतून बाहेर पडून लसिकाग्रंथींत, यकृतावर किंवा पोटाच्या आवरणावर पसरतात. दुसरी जात 'जिस्ट' या नावाने ओळखली जाते. पचनमार्गाच्या हालचालीचा ताल राखणाऱ्या भिंतीतील विशिष्ट पेशींशी तिचे नाते आहे आणि या गाठींपैकी निम्म्याहून अधिक जठरातच आढळतात. ही जात लसिकाग्रंथींत सहसा जात नाही. म्हणून ती काढताना जठराचा गाठीपुरता भाग थोड्या निरोगी कडेसह काढला तरी पुष्कळदा पुरते; अट एकच, गाठीचे आवरण फुटता कामा नये. ते फुटले तर गाठीतील पेशी पोटभर सांडतात आणि साध्या शस्त्रक्रियेचे रूपांतर आयुष्यभराच्या आजारात होते. दुर्बिणीने काम करताना अशी गाठ चिमट्याने न पकडता, पिशवीत घालून बाहेर काढतात ती याचसाठी. मोठी, नाजूक गाठ असेल तर आमचे सर्जन दुर्बिणीचा हट्ट धरत नाहीत.

जिस्टच्या संदर्भात एक गोष्ट आम्हां हिशेबनिसांना विसरता येत नाही. या गाठीवरील इमॅटिनिब या गोळीचे पेटंट भारतात मिळावे, यासाठीची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने ते नाकारले. ज्या रुग्णांची गाठ परत उद्भवण्याचा धोका मोठा असतो, त्यांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे ही गोळी घ्यावी लागते. भारतीय कंपन्यांची गोळी मूळ कंपनीच्या किमतीच्या अल्पांशात मिळते, म्हणून आमच्या औषध भांडारात ती ठेवता येते आणि म्हणूनच शस्त्रक्रिया करून रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याची पाळी येत नाही.

प्रत्यक्ष पद्धत अशी. रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. बेंबीजवळून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे पोटाची भिंत तंबूसारखी उचलली जाते आणि आत काम करण्यास जागा होते. मग साधारण अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची पाच छिद्रे. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारे. रक्तवाहिन्या ध्वनिलहरींच्या किंवा विजेच्या उपकरणाने बंद करतात, जठर स्टेपलरने कापतात आणि त्याच वेळी शिवतात. काढलेला भाग बाहेर आणण्यासाठी शेवटी पाच-सहा सेंटिमीटरचा एक छेद घ्यावाच लागतो. तेव्हा 'बिनटाक्याचे ऑपरेशन' असे जे लोक म्हणतात, ते खरे नाही. टाके असतात, थोडे असतात. वायूमुळे दोनेक दिवस खांदा दुखतो आणि रुग्ण घाबरून विचारतात, 'पोटाचं ऑपरेशन केलं, खांद्याला काय केलंत?' आमच्या वॉर्डातील सिस्टर आता हे आदल्या रात्रीच समजावून सांगतात.

बाहेरचा छेद लहान झाला म्हणून आतले काम लहान होत नाही. कर्करोग असेल तर जठराबरोबर त्याच्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात आणि रोगाची पायरी नीट ठरण्यासाठी पॅथॉलॉजिस्टला किमान सोळा ग्रंथी तपासावयास मिळाव्यात, असा संकेत आहे. पोट उघडून जेवढे काढले असते तेवढेच दुर्बिणीने काढले पाहिजे. हे साधते का, हा प्रश्न आमच्या विश्वस्तांनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर मताने नव्हे तर आकड्याने द्यावे, असे आम्हांस वाटले.

दक्षिण कोरियात २००६ ते २०१० या काळात प्राथमिक अवस्थेतील जठराच्या कर्करोगाच्या १,४१६ रुग्णांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने, दुसऱ्याची पोट उघडून. पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटातील ९४.२ टक्के आणि दुसऱ्या गटातील ९३.३ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे फरक नाही. जखमेच्या तक्रारी मात्र दुर्बिणीच्या गटात ३.१ टक्के आणि दुसऱ्यात ७.७ टक्के. चीनमध्ये पुढच्या अवस्थेतील १,०५६ रुग्णांचा असाच अभ्यास झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ७६.५ आणि ७७.८ टक्के होते. येथेही पारडे समान.

पण ताळेबंदाच्या दोन्ही बाजू दाखविल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. नेदरलँड्समध्ये २२७ रुग्णांचा अभ्यास होऊन तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेथे रुग्णालयातील मुक्काम दोन्ही गटांत सातच दिवसांचा निघाला. 'दुर्बिणीने केले की तिसऱ्या दिवशी घरी' अशी जाहिरात आपण पाहिली असेल. पित्ताशयासाठी ती खरी असेल, जठरासाठी आम्ही तसे छापणार नाही. जठर आणि आतडे यांची जोडणी भरून येण्यास लागणारे दिवस छिद्राच्या आकारावर अवलंबून नसतात.

या अभ्यासांत आणखी एक अट होती, तिच्याकडे आमचे लक्ष सर्जन मंडळींनीच वेधले. कोरियातील अभ्यासात भाग घेणाऱ्या सर्जनने अशा किमान पन्नास शस्त्रक्रिया दुर्बिणीने आणि तितक्याच पोट उघडून केलेल्या असणे आवश्यक होते. आता आपल्या भागाचा विचार करा. जपान, कोरियात जठराचा कर्करोग फार आढळतो आणि तेथे एंडोस्कोपीच्या मोहिमांमुळे तो पुष्कळदा अगदी आरंभी सापडतो. भारतात मिझोरामसारख्या राज्यात त्याचे प्रमाण मोठे आहे. आपल्या जिल्ह्यात तुलनेने थोडे, आणि येतात ते उशिरा. कोरियातील सर्जनच्या हातून वर्षभरात जितक्या शस्त्रक्रिया होत असतील, तितक्या आपल्याकडे अनेक वर्षांतही होणार नाहीत.

यावरून विश्वस्त मंडळाच्या सभेत बराच वाद झाला. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे, 'यंत्र आणायचे आणि रुग्ण पुन्हा मुंबईलाच पाठवायचे, तर देणगीदारांना काय सांगणार?' त्यांचा प्रश्न रास्त होता. दुसरे म्हणाले, परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या माणसाबरोबर घरची दोन माणसे जातात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, आणि इकडे शेत व दुभती जनावरे शेजाऱ्यांच्या भरवशावर. हेही तितकेच खरे. अखेर जो निर्णय झाला तो आमच्या मते या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा ठराव आहे. जिस्टच्या लहान गाठी आपण येथेच काढावयाच्या. जठराच्या खालच्या भागातील, आरंभीच्या अवस्थेतील कर्करोगाची शस्त्रक्रिया येथे करावयाची, परंतु महिन्यातून एकदा येणारे अनुभवी सर्जन उपस्थित असतील त्याच दिवशी. संपूर्ण जठर काढावे लागेल अशा रुग्णांना, कागदपत्रे पूर्ण करून आणि तेथील तारीख घेऊन, मोठ्या केंद्राकडे पाठवावयाचे.

आणि तपासणीसाठी दुर्बीण प्रत्येक योग्य रुग्णाला. या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबावेसे वाटते, कारण देणगीचा सर्वांत मोठा परतावा आम्हांस येथेच दिसतो. पोटाच्या आवरणावर पसरलेले ज्वारीच्या दाण्याएवढे, कधी त्याहूनही बारीक कण सी. टी. स्कॅनमध्ये दिसत नाहीत. पूर्वी अशा रुग्णाचे पोट उघडले जाई, सर्जन आत पाहत, काढण्याजोगे काही नाही असे दिसले की पुन्हा शिवत. त्या माणसाच्या उरलेल्या थोड्या महिन्यांपैकी एक महिना ती जखम भरण्यात जाई आणि केमोथेरपीही लांबे. आता दोन-तीन छिद्रांतून आधी पाहता येते. रोग पसरलेला असेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि औषधोपचार लवकर सुरू होतो. अशा रुग्णाच्या केसपेपरवर शेवटी 'शस्त्रक्रिया केली नाही' असेच लिहिले जाते. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात ही नोंद यशाच्या रकान्यात बसत नाही, तरीही आम्ही ती तेथेच धरतो.

आता खर्च. कॅमेरा, पडदा, वायूचे यंत्र ही भांडवली खरेदी. एकदा होते, तिच्यावर घसारा धरता येतो. डोकेदुखी आहे ती वापरून टाकावयाच्या वस्तूंची. जठराच्या एका शस्त्रक्रियेत स्टेपलरची साधारण चार ते सहा काडतुसे लागतात. वापरलेले काडतूस पुन्हा वापरता येत नाही आणि त्यात काटकसर करावी असे कोणी सुचवूही नये, कारण ती जोडणी गळली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. पोट उघडून केल्यास सर्जन हाताने शिवू शकतात आणि हा खर्च पुष्कळसा वाचतो. म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या वहीत महाग. मग स्वस्त कोठे? बाजार समितीत पोती वाहणाऱ्या एका हमाल गृहस्थांची जिस्टची गाठ दुर्बिणीने काढली गेली. मोठा छेद असता तर पाठीवर पोते घेण्यास त्यांना कित्येक महिने थांबावे लागले असते आणि छेदाच्या जागी हर्निया होण्याची भीती वेगळीच. बचत झाली ती त्यांच्या घरच्या हिशेबात. आमच्या खतावणीत त्यासाठी खाते नाही. धर्मादाय रुग्णालयाचे ऑडिट करताना हा फरक लक्षात घ्यावा, असे आम्ही आमच्या लेखापरीक्षकांना दरवर्षी सांगतो, आणि ते दरवर्षी हसतात.

विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या, १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार, आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतो. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. निर्धन रुग्णाच्या काडतुसांचा खर्च त्या निधीस नावे पडतो. अडचण दुर्बल घटकातील कुटुंबांची आहे. औषधे व वापराच्या वस्तूंची किमान निम्मी रक्कम त्यांनी भरावयाची असते, आणि नेमकी हीच रक्कम दुर्बिणीच्या पद्धतीत जास्त. परिणामी असे होऊ लागले की, सर्जनने दुर्बीण सुचवावी आणि बिलिंगच्या खिडकीवरून परत येऊन नातेवाइकांनी म्हणावे, 'साहेब, साधंच ऑपरेशन करा.' शस्त्रक्रियेची पद्धत रोगाने ठरावी की खिडकीने, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. यापुढे पद्धत सर्जनने केसपेपरवर लिहिल्याखेरीज अंदाजपत्रक काढावयाचे नाही आणि दोन्ही पद्धतींतील फरक रुग्णाकडून घ्यावयाचा नाही, असे ठरले आहे. हा फरक भरून काढण्यासाठी 'शस्त्रक्रिया साहाय्य निधी' या नावाने स्वतंत्र खाते उघडले आहे.

अशीच एक बाब संमतिपत्राची. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया कधीकधी मध्येच थांबवून पोट उघडावे लागते; रक्तस्राव होतो, जुनी चिकटलेली आतडी आड येतात, गाठ अंदाजापेक्षा खोल निघते. सर्जनच्या दृष्टीने तो शहाणपणाचा निर्णय असतो. नातेवाइकांना मात्र फसवणूक वाटते. एका रुग्णाच्या पत्नी आमच्या कार्यालयात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, 'दुर्बिणीनं करणार म्हणाला होता, मग पोट का फाडलंत? आणि बिल कशाचं लावणार?' आम्ही त्यांना विभागप्रमुखांकडे घेऊन गेलो. त्यांनी शस्त्रक्रियेचे चित्रीकरण दाखवून कोणत्या क्षणी व का निर्णय बदलला ते समजावले. बाईंचे समाधान झाले. बिलाचा त्यांचा प्रश्न मात्र आम्ही सभेपुढे ठेवला आणि ठरले की, पद्धत बदलली तर जी कमी असेल तीच आकारणी होईल. संमतिपत्रात हे आता मोठ्या अक्षरांत, मराठीत छापले आहे आणि सही घेण्यापूर्वी ते वाचून दाखविण्याची जबाबदारी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरवर आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे जेवण हा विषय आहारतज्ज्ञांचा, एकच सांगतो. जठर लहान झाले की एका बैठकीस दोन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाला दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खावे लागते. गोड चहा किंवा शिरा घाईने पोटात गेला तर घाम येतो, छाती धडधडते. संपूर्ण जठर काढलेल्यांना जीवनसत्त्व बी-१२ ची इंजेक्शने आयुष्यभर लागतात, आणि मोठ्या केंद्राकडून परत आलेल्या अशा रुग्णांसाठी ती आपल्या ओ.पी.डी.त विनामूल्य दिली जातात. घरच्या माणसांनी 'अजून थोडं खा' असा आग्रह करू नये, हे पटविणे हे आमच्या समाजसेविकांचे सर्वांत अवघड काम.

रुग्ण उशिरा येतात असे मघाशी म्हटले. पोटात जळजळ होते म्हणून मेडिकलच्या दुकानातून गोळ्या घेत महिनेच्या महिने काढले जातात. गोळीने बरे वाटते आणि गाठ तशीच राहते. वजन घटणे, थोडे खाताच पोट भरणे, काळी शौचास होणे, रक्त कमी निघणे, अन्न अडकणे, वारंवार उलट्या, यांपैकी काही असेल तर गोळी बदलून पाहू नये, एंडोस्कोपी करावी. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच जाहीर केले आहे. त्याची तपासणी एंडोस्कोपीच्या वेळी करता येते आणि उपचार दोन आठवड्यांच्या आत संपतो. तंबाखूविषयी या जिल्ह्यात बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरीही बोलतो: जठराच्या कर्करोगाशी तिचाही संबंध आहे.

काही देणगीदारांनी रोबोटची चौकशी केली. त्यांच्या उत्साहाबद्दल आम्ही आभारी आहोत. पण ज्या रुग्णालयात काडतुसांसाठी खाते उघडावे लागते, तेथे तूर्त रोबोटचा विचार करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एंडोस्कोपी विभागाला दुसरी दुर्बीण मिळाली तर एक धुण्या-निर्जंतुकीकरणात असताना दुसरी चालू राहील आणि तपासणीची प्रतीक्षायादी कमी होईल. अगदी वरच्या थरातील कर्करोग तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपनेच काढता येतो, पोटाला छिद्रही न पाडता. पण त्यासाठी तो त्या अवस्थेत सापडावा लागतो.

सभागृहाबाहेरील टेबलावर कॅमेरा, छिद्रातून घालावयाच्या नळ्या, गाठ काढण्याची पिशवी आणि एक वापरलेले, निर्जंतुक केलेले काडतूस मांडून ठेवले आहे. शस्त्रक्रिया विभागाच्या सिस्टर तेथे आहेत. वस्तू हातात घेऊन पाहाव्यात, किंमतही विचारावी. साहाय्य निधीची पावती पुस्तके शेजारीच आहेत. देणगीवरील आयकराची सवलत हवी असल्यास पॅन क्रमांक द्यावा लागतो, आणि ती सवलत हवी असेल तर दोन हजारांवरील रक्कम रोखीने न देता धनादेशाने द्यावी. चहाची व्यवस्था त्याच बाजूस केली आहे.